घरात कोण कोण?

सगळ्या सरकारी योजना एकाच कॉम्प्युटरवर आणायला मोठा निधी आला. त्यातूनच सेवा केंद्रावर ऑपरेटर नेमले आणि लेकीला नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात तिने आईची नोंद उघडली. लेकीचा पगार दिसताच कॉम्प्युटरने आईचं मोफत डायलिसिस, धान्य आणि पेन्शन एका झटक्यात बंद केलं होतं.

“एवढ्या पगारात डायलिसिसचा खर्च नाही भागायचा, आई. मी नोकरी सोडते.”

“वेडी आहेस का? किती वर्षांनी काम लागलंय तुला.” केंद्राच्या खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या आईने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. “घरात कोण कोण, असं विचारतंय ना ते? कोणी नाही, असं लिही.”

 

लेकीने आईकडे न बघता ‘निराधार’वर क्लिक केलं, आणि तिन्ही योजना पुन्हा चालू झाल्या.