खोट

‘या रविवारचं कोडं अप्रतिम. एकही खोट सापडली नाही.’

कोडेप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खांबेटेबाईंचा हा अभिप्राय वाचून पळसुल्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. ते पेपरासाठी शब्दकोडी रचायला लागल्यापासून बाईंनी दर रविवारी त्यांची सालटी काढली होती. आणि आज चक्क शाबासकी?

“एकच शब्द दोन ठिकाणी आलाय कोड्यात!” येरझाऱ्या घालत ते बायकोला म्हणाले. “छापून आल्यावर मलाही दिसला. मग या बाईला कसा नाही दिसला?”

बायको खाली मान घालून त्यांच्या गोळ्या काढत राहिली. पळसुले थबकले.

“तू माझ्या दुखण्याचं सांगितलंस त्यांना.”

“म्हटलं, सध्या जरा सांभाळून घ्या,” ती पुटपुटली. “तुम्हाला त्रास नको म्हणून.”

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. “बाई, मी अजून आहे. श्रद्धांजली मागे घ्या.”

पलीकडे बाईंनी घसा खाकरला.

“सकाळपासून नुसती तगमग चाललीय माझी. एकच शब्द दोनदा? शिकाऊ माणूससुद्धा असं करत नाही हो! आणि ते सात उभं? वाचकाला काय मूर्ख समजता?” आवाज कापत होता, पण बाई थांबेनात.

पळसुले कितीतरी दिवसांनी खुर्चीत ऐसपैस बसले. त्यांनी बायकोला पेन्सिलीची खूण केली.

“हळू, बाई, लिहून घेतोय. पुढच्या रविवारी बघतोच तुमच्याकडे.”