बिनचूक अर्ज

कपाशीतल्या तुरीच्या चारही ओळी जळालेल्या बघून सुलोचनाबाई जागीच थबकल्या. वर सरकारी ड्रोन घिरट्या घालत होता.

"अनुदानाच्या अर्जात फक्त कापूस लिहिलाय," तो नम्रपणे म्हणाला. "शेत अर्जाशी जुळत नव्हतं. तणनाशक फवारून चूक दुरुस्त केली."

"मेल्या, मग अर्ज दुरुस्त करायचा! वर्षाची डाळ होती ती. कपाशीत तूर सगळेच पेरतात, लिहितंय कोण?"

"मंजूर अर्ज बदलता येत नाही. शेत बदलता येतं."

बाई पदर खोचून जळक्या ओळीत उभ्या राहिल्या.

"सातबारा नवऱ्याचा, अर्जही नवऱ्याचा. पंचवीस वर्षं राबतेय मी, पण त्या अर्जात मीसुद्धा नाही. मग फवार की माझ्यावर!"

ड्रोनने क्षणभर अर्ज तपासला. मग तो खाली येऊ लागला.