यादीत नसलेलं नाव

इन्स्पेक्टर गावसांनी पणजीहून आलेला लिफाफा फोडला आणि कोठडीतला मारुती गजांना धरून उभा राहिला. हवालदार सगुणही टेबलाजवळ सरकला. काजूच्या बागेत शीतलचा खून होऊन बारा दिवस झाले होते. पोरीच्या नखांखाली मारेकऱ्याचं रक्त सापडलं होतं. ते कुणाचं, हे त्या कागदात होतं.

गावसांना मात्र कागदाची गरजच नव्हती. "भायल्यांचांच काम ह्यां," असं त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. बाहेरचे म्हणजे बागेपलीकडच्या बांधकामावरचे कोल्हापूर-बेळगावचे कामगार. गावातल्या एका पोराला साधं विचारलंसुद्धा नाही. मारुतीला उचलला, तीन दिवस पट्ट्यानं फोडला, कबुली घेतली आणि पेपरात फोटो दिला. कबुली कसली डोंबलाची! एवढा मार पडला तर माणूस जन्मदात्या आईचाही खून कबूल करील.

रक्त तपासा, असा वरून हुकूम आला तेव्हा कामगार बिथरले. शेवटी सगुणच खुर्चीत बसला, बाही वर केली आणि नर्सपुढे हात धरला. "बघा, मुंगी चावल्यासारखं. बस्स." मग मारुती धरून बेचाळीस जणांनी रक्त दिलं. मारुतीला त्यानं शब्दही दिला, "तू केलं नसशील तर हेच रक्त तुला सोडवील." नर्सनं सगुणची कुपीही एक नंबर घालून पेटीत ठेवली. आपलं नाव कशाला, म्हणून सगुणनं यादी दोनापासून लिहिली.

बाहेर सगुणच्या मुलाच्या, गौरेशच्या स्कूटरचा हॉर्न वाजला.

"सगुणबाब, तुमचो झील इलो मरे, जेवक बोलवूक," गावस वाचता वाचता म्हणाले. "थांबू दे वायच."

मारुतीचं रक्त जुळत नव्हतं. बेचाळिसांतल्या कुणाचंच जुळत नव्हतं. सगुणला केवढं हायसं वाटलं!

"हवालदारसाहेब, सुटलो न्हवं ओ मी?" मारुती रडायलाच लागला.

"पण हयसर आणखी लिवलेलां आसा," गावसांच्या कपाळाला आठी पडली. "एक नंबरच्या कुपीवालो मारेकऱ्याचो बाप. कोण तो? यादीत तर नाव नाय."

सगुणनं खिडकीतून बाहेर स्कूटरकडे बघितलं. गौरेशच्या मानेवरचा ओरखडा त्याला आठवला. काजूची फांदी लागली, म्हणाला होता. सगुणनंच त्यावर खोबरेल चोळलं होतं.

"जावंदे," गावसांनी कागद घडी करून खिशात घातला. "नाव नाय तर माणूस नाय. मारुतीची कबुली आसा, उद्या कोर्टात उभो करूया. तुम्ही जेवून येवा."

नवसानं झालेला एकुलता एक पोर. आता फक्त गप्प बसायचं होतं. देवा, एवढंच तर करायचं होतं! मारुती गजांमागून त्याच्याकडे बघत होता. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक.

सगुणनं यादी पुढं ओढली. दोनाच्या वर कोरी जागा होती. तिथं त्यानं आपलं नाव लिहिलं आणि यादी गावसांपुढे ठेवली.

"जेवक नको, साहेब," तो म्हणाला. "माझ्या झिलाक आत बोलवा."