अकरा ते बारा

अंबडच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे सेट बनतात. लाइनवर आम्ही बावीस जणी आणि समोरच्या फळ्यावर टार्गेट लिहिलेलं, तासाला साठ सेट. एकाच आठवड्यात दोघी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा साहेबांनी ताण कमी करायला एक मॅडम बोलावल्या. त्या म्हणाल्या, "रोज अकराला लाइन थांबवा. दहा मिनिटं सगळ्यांनी नुसतं डोळे मिटून बसायचं."

पहिल्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या कुसाबाई रडल्याच. "एकोणीस वर्षं झाली गं, इथं कधी डोळे मिटले नव्हते."

मग त्यांनीच आम्हाला दटावलं, "हात चालवा बायांनो! माल कमी निघाला ना, तर ही दहा मिनिटं लगेच काढून घेतील."

महिनाभर आम्ही त्या तासात ना पाण्याला उठलो, ना बाथरूमला. दहा मिनिटं बसूनसुद्धा अकरा ते बाराचे साठ सेट रोज पूर्ण केले.

काल साहेब पेढे घेऊन लाइनवर आले. "पन्नास मिनिटांत साठ होतात, हे तुम्हीच दाखवून दिलंत," म्हणाले आणि फळ्यावरचे साठ पुसून त्यांनी बहात्तर लिहिले. "आणि डोळे मिटायचं चालू ठेवा हं, टार्गेट सांभाळून."



आज अकराला डोळे मिटायची बेल झाली, तेव्हा कुसाबाईंनीसुद्धा हातातल्या वायरींवरून मान वर केली नाही.