नानांच्या खणातला अर्ज
"विद्यार्थ्याने माघारीचा अर्ज दिला की त्याच दिवशी पीएचडीची नोंदणी रद्द," असा नवा नियम बैठकीत वाचला गेला आणि विभागप्रमुख बाईंना जुने हेडक्लार्क नाना आठवले. वडील गेले त्या वर्षी बाईंनीही असाच अर्ज डोळे पुसत नानांच्या हातात दिला होता. नानांनी तो वाचून खणात सरकवला. "साहेब रजेवर आहेत पोरी, महिन्याने ये." साहेब तर काचेपलीकडे चक्क चहा पीत होते! महिन्याभरात आईने घर सावरलं, लेकीला बजावलं, "शिक्षण सोडायचं नाही." बाई धापा टाकत नानांपुढे उभ्या राहिल्या. "नाना, माझा अर्ज गेला का हो पुढे?" "कसला अर्ज? पळ, लायब्ररी उघडलीय." आता नाना हयात नव्हते. बाई म्हणाल्या, "असे अर्ज महिनाभर थांबवा." टिपण घेणाऱ्या कारकुनाने विचारलं, "कारण काय लिहू?" "लिहा, अनुभव."