आपल्यातली का?

पर्णिकाची कुठलीही मैत्रीण घरी आली, की सोलापूरहून अबूधाबीला आलेल्या तानुआजीचा पहिला प्रश्न ठरलेला: "आपल्यातली का गं?" म्हणून आज घानाच्या अबेनाला घरी आणताना पर्णिका धास्तावली होती.

दोघी लाडक्या गायिकेचा नवा व्हिज्युअल अल्बम लावून बसल्या. आफ्रिकेचं आणि तिथून जगभर पांगलेल्या माणसांचं वैभव गाणारा. ढोल घुमत होते, गायिका नखशिखान्त कवड्यांनी मढली होती. तेवढ्यात आजी आली. तिनं टीव्हीकडे बघितलं, अबेनाकडे बघितलं आणि तडक आत निघून गेली.

"खलास!" पर्णिका पुटपुटली. "सॉरी, अबेना."

आजी परतली ती गळ्यात तुळजाभवानीची कवड्यांची माळ घालूनच. "आई राजा उदो उदो!" म्हणत तिनं ढोलावर ठेका धरला आणि अबेनाला हाताला धरून उठवलं. दोघी घामाघूम होईपर्यंत नाचल्या.

"आजी, आज विचारलं नाहीस ते?" पर्णिकानं चिडवलं.

"विचारायचं काय त्यात? ती आपल्यातलीच," धापा टाकत आजी म्हणाली. "एवढा ढोल वाजला तरी बसून राहिलीस ती तू. मला तुझाच संशय येतोय."