नावाचा रकाना

"मुलगी कधी वारली?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

ठकूबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. कुडपणहून पोलादपूरच्या कचेरीत येताना तिने हे उत्तर दहा वेळा मनात घोळवलं होतं.

"दिवाळी झाल्यावर," ती कशीबशी म्हणाली. "धाकटी तीन महिन्यांची व्हती तवा."

"धाकटीचा जन्म ऑगस्ट दोन हजार आठ. म्हणजे मोठी दोन वर्षांची." कारकून लिहीत गेला. "आजार?"

"ताप. माज्या मांडीवरच गेली. नुकती मान धराय लागली व्हती."

कारकुनाचं पेन थांबलं. "दोन वर्षांची मुलगी?"

"तापात पोरांच्या अंगात त्राण राहत नाही हो," शेजारी बसलेले यज्ञेश्वर सर घाईने म्हणाले. "अशा वेळी आईला काय काय आठवतं."

कारकुनाने नुसतं 'ताप' लिहिलं आणि पान उलटलं.

यज्ञेश्वर सर महाडला मुलांना धावायला शिकवत. ठकूबाईची दर्शना त्यांच्या हाताखाली तयार झालेली. आंबेनळीचा घाट ती अशी चढायची की मागून येणारे टेम्पोवाले गंमत म्हणून तिच्याशी शर्यत लावायचे आणि वळणावर हरायचे. तीन हजार मीटरमध्ये ती देशात दुसरी आली. परदेशातल्या ज्युनिअर स्पर्धेच्या संघात निवड होणार, हे ठरल्यासारखंच होतं. तेवढ्यात जन्मतारीख आडवी आली. दोन हजार सातच्या आधी जन्मलेल्यांना त्या स्पर्धेत प्रवेश नव्हता आणि दर्शनाच्या दाखल्यावर चौदा नोव्हेंबर दोन हजार सहा होतं. दीड महिन्यासाठी पोरीची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

सर हट्टाला पेटून जन्मनोंदीची जुनी रजिस्टरं बघायला गेले. तिथे त्यांना मुरारी आणि ठकूबाई शेलार यांच्या नावावर दोन मुली सापडल्या. एक दोन हजार सहाची दर्शना. दुसरी दोन हजार आठची, तिच्या नावाचा रकाना कोरा. घरात तर मुलगी एकच.

सरांच्या नात्यातल्या एका घरात वारलेल्या मुलाचंच नाव पुढच्या मुलाला ठेवलं होतं. ते तडक कुडपणला आले. "वहिनी, थोरली गेली आणि तिचंच नाव धाकटीला ठेवलंत ना? शाळेनेही पट भरायला जुना दाखला चालवून चार वर्षांची पोर पहिलीत बसवली असणार. असंच झालं ना?"

ठकूबाई चुलीशी बसली होती. चुलीतलं लाकूड तिने उगाच आत सरकवलं. मुरारी असता तर त्याला विचारलं असतं, पण तो सहा वर्षांपूर्वी मुंबईत वारला होता. दारात दर्शना उभी होती, पायात फाटके बूट, ओठ घट्ट मिटलेले. ठकूबाईने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

दर्शना त्या दिवशी जेवली नाही. "आई, म्हंजे माझं नाव माझं नाय?"

"तुझंच हाय गो," ठकूबाई म्हणाली. "तुझंच हाय."

साक्षीदार म्हणून शेजारची प्रयागबाई तेवढी उरली होती. बाकीची घरं मुंबईला. पंचनाम्याच्या वेळी तिने ठकूबाईकडे टक लावून पाहिलं. मग म्हणाली, "पोर पळतेय ना? मंग दावा, अंगठा कुठं करू."

महिन्याभरात कागद झाला. कारकुनाने वाचून दाखवला, "दर्शना मुरारी शेलार, मयत." ते ऐकताच ठकूबाईने असा हंबरडा फोडला की कचेरीतली माणसं गोळा झाली. जुनं दुःख उफाळून आलं म्हणून सरांचेही डोळे भरले. तिने त्या कागदाला हातसुद्धा लावला नाही.

"ह्यो माज्या घरात नको," ती म्हणाली. "तुमच्याकंच ठेवा, सर."

दोन हजार आठच्या रजिस्टरातला कोरा रकाना मग भरला गेला. घरी आल्यावर ठकूबाईने मीठ-मिरच्या घेऊन दर्शनाची दृष्ट काढली. एकदा नाही, तीनदा. दर्शना हसली, "अगो आई, अजून जिंकले कुठं!"

ऑगस्टात परदेशातल्या त्या स्पर्धेत तिने पदक जिंकलं. शेवटच्या फेरीला सहावी होती. तिथून तिसरी आली. सरांनी महाडहून फोन केला तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. पोलादपुरात तिच्या नावाचा फलक लागला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'वय वर्षे अठरा'.

घरी आल्यावर दर्शना आधी बांधाकडे गेली. तिथे हिरड्याखाली एक चपटा दगड होता. तिथे आपली बहीण निजली आहे, एवढंच तिला लहानपणापासून माहीत होतं. ती थोरली होती हे या वर्षी कळलं. तिने गळ्यातलं पदक काढून दगडावर ठेवलं.

"ताई, हे तुझं," ती म्हणाली आणि रडायला लागली. "तुझं नाव लावून पळाले गो मी."

ठकूबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला घरात पाठवलं, "जा, प्रयागबाय कवाची वाट बघतेय." पोर दाराआड जाईपर्यंत ती उभी राहिली. मग खाली बसून तिने दगडावरचा पाचोळा हाताने झाडला.

"रागावू नको गो बाय," ती हळू म्हणाली. "तिला काय म्हायत नाय. तुला नाव पण नाय ठेवलं आमी. आता तुझं वय पण घेतलं, तुज्या ताईसाठी."